पिवळी पडलेली लेन्स आणि चित्रातला खरा रंग

पांढरे धोतर काही महिने अंगावर राहिले की त्याला पिवळट झाक येते. साबणाने मळ निघतो, पण झाक निघत नाही. मग घरातल्या बायका दोनपैकी एक उपाय करतात. शेवटच्या पाण्यात नीळ घालतात, किंवा कपडा ओला असतानाच खडकावर पसरून त्याला कडक ऊन देतात. दोन्हींनी धोतर पांढरे दिसू लागते. पण या दोन उपायांत फरक आहे, बरं का! नीळ पिवळेपणा काढत नाही. ती पिवळ्याच्या जोडीला निळा आणून बसवते, म्हणजे डोळ्याला पिवळे जाणवत नाही. मात्र त्यात कपड्याची चमक थोडी उतरते. ऊन खुद्द पिवळेपणालाच हात घालते.

वाचकहो, जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सलाही असा पिवळेपणा येतो, आणि त्याच्यावरचे मुख्य उपायही हेच दोन आहेत: नीळ आणि ऊन. कोणता केव्हा करायचा आणि केव्हा दोन्ही करायचे नाहीत, हे आज आपण पाहू.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आजही कितीतरी घरांच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुना कॅमेरा निघतो. कुणाचे आजोबा रेल्वेत होते, कुणाचे काका मुंबईला नोकरीत, कुणाच्या घरी माथेरानला येणाऱ्या पाहुण्यांची चित्रे काढण्याचा धंदा होता. अलीकडे कॉलेजातल्या मुलामुलींना फिल्मवर फोटो काढण्याची हौस पुन्हा लागली आहे, आणि हे कॅमेरे खाली उतरू लागले आहेत. रोल महाग; तो धुवायला मुंबई नाहीतर पुणे गाठायचे; त्यात चित्रे येणार फार तर छत्तीस. आणि रोल धुऊन आल्यावर दिसते काय? सगळ्या चित्रांवर हळदीचे पाणी शिंपडल्यासारखे! मग कुणी म्हणते, रोल जुना होता. कुणी म्हणते, दुकानदाराने नीट धुतला नाही. कुणी कॅमेराच मोडीत काढतो. यातले काहीही करण्याआधी रंग आला कुठून, याचा तपास करायला हवा.

माझा स्वतःचा विषय इतिहास. इतिहासाच्या माणसाला जुने चित्र म्हणजे साक्षीदार. काविळीने ज्याचे डोळे पिवळे झाले त्याला जग पिवळे दिसते, असे आपल्याकडे म्हणतात. अशा साक्षीदाराची साक्ष घ्यायची तर त्याला कावीळ आहे काय, आणि असल्यास किती, हे आधी ठरवले पाहिजे.

प्रथम आपला डोळा आणि फिल्म यांतला फरक लक्षात घ्या. पांढरी बंडी दुपारच्या उन्हात पांढरी दिसते आणि रात्री कंदिलाच्या उजेडातही आपल्याला पांढरीच वाटते. वास्तविक कंदिलाचा उजेड चांगलाच पिवळा असतो. पण आपला मेंदू आजूबाजूचा अंदाज घेऊन हिशेब जुळवून देतो. फिल्मला मेंदू नाही. तिच्यावर जेवढा निळा, हिरवा आणि तांबडा प्रकाश पडेल तेवढाच ती नोंदवते.

रंगीत फिल्म ही दिसायला एक पट्टी असली तरी तिच्यात मुख्यतः तीन थर असतात. एक थर निळ्या प्रकाशाची नोंद घेतो, दुसरा हिरव्याची, तिसरा तांबड्याची. या तीन नोंदी योग्य प्रमाणात जुळल्या की पांढरे ते पांढरे दिसते. आता लेन्स पिवळी असली म्हणजे काय होते? पिवळी काच निळा प्रकाश अडवते. निळ्याची नोंद घेणारा थर अर्धपोटी राहतो, बाकीचे दोन थर पोटभर जेवतात. चित्र पिवळे येते ते यामुळे.

यातला खरा तोटा निव्वळ पिवळेपणाचा नाही. पिवळ्या काचेतून पांढरे आणि फिके पिवळे यांतला भेद पुसट होतो. पांढरे लुगडे आणि मोतिया लुगडे सारखेच दिसू लागते. भाताचे पान निरोगी हिरवे आहे की नत्र कमी पडून पिवळटू लागले आहे, हे चित्रावरून ओळखणे अवघड होते. कर्जतला भातासाठी प्रसिद्ध असलेले कृषी संशोधन केंद्र आहे. त्या गावाचे नाव लावणाऱ्या भाताच्या जाती आपण शेतात लावतो. पानाचा रंग पाहून खताचा अंदाज घेण्यासाठी हिरव्या पट्ट्यांचा तक्ताही निघालेला आहे. तो तक्ता पानाशेजारी धरून पाहायचा असतो. जिथे दोन हिरव्यांतल्या फरकावर युरियाची मात्रा ठरते, तिथे खोट्या रंगाचे चित्र दाखवून सल्ला विचारणे म्हणजे दुसऱ्याचीच नाडी वैद्याला दाखवण्यासारखे आहे.

आता तपासाला लागू. चित्रात परका रंग आला तर पाच जणांवर संशय घ्यावा: उजेड, लेन्स, फिल्म, छपाई आणि काळ.

पहिला संशय उजेडावर. आपल्या भागात हा गडी फार लबाड आहे. श्रावणात भोवताली सगळी शेते आणि डोंगर हिरवेगार असतात. त्यांच्यावरून उसळलेला प्रकाश माणसाच्या तोंडावर पडतो आणि सावलीत उभ्या असलेल्या माणसाची कातडी हिरवट येते. लग्नाच्या मांडवावर निळी ताडपत्री घातली की वऱ्हाड निळे. जुन्या ट्यूबलाइटखाली दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म वापरली तर हिरवी छटा, साध्या तारेच्या बल्बखाली वापरली तर नारिंगी. माथेरानच्या कड्यावरून प्रबळगडाचे चित्र काढले तर मधल्या धुरकट हवेमुळे डोंगर निळसर येतो. यात लेन्सचा काडीइतका दोष नाही. उजेडाच्या दोषाची खूण अशी की तो चित्रागणिक बदलतो. सकाळी एक, दुपारी दुसरा, मांडवात तिसरा. लेन्सचा दोष मात्र पहिल्या चित्रापासून छत्तिसाव्यापर्यंत एकसारखा असतो.

तिसरा संशयित फिल्म. मुदत उलटलेल्या किंवा उन्हातान्हात, गरम कपाटात पडलेल्या फिल्मचे थर कमी-अधिक मंदावतात आणि रंगांचे प्रमाण बिघडते. पण एक सांगून ठेवतो. रंगीत निगेटिव्ह हातात घेतली की ती सगळी नारिंगी दिसते. ते पाहून घाबरू नका. तो नारिंगी रंग कारखान्यात मुद्दाम दिलेला असतो आणि छपाईत त्याचा हिशेब धरलेला असतो.

चौथी छपाई. हल्ली बहुतेक ठिकाणी निगेटिव्ह यंत्राने वाचून रंग आपोआप जुळवतात. यंत्राचा हिशेब साधारण असा असतो की चित्रातले सगळे रंग एकत्र कालवले तर करडा रंग यावा. शहरातल्या चित्राला हा हिशेब पुष्कळदा लागू पडतो. पण आवणीनंतरच्या शेतात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे चित्र घ्या. तीन चतुर्थांश चित्र हिरवे. यंत्राला वाटते, हिरवा फार झाला, कमी करा. ते हिरव्याच्या विरुद्धचा जांभळट-गुलाबी रंग वाढवते, आणि शेतकऱ्याचे तोंड गुलाल लावल्यासारखे होते. पिकाची हिरवाई जेवढी जास्त, तेवढी ही चूक मोठी.

छपाईपर्यंत किती हात लागतात आणि त्यात रंग कसा निसटतो, याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ हा बोलपट रंगीत करण्याचे धाडस केले. रंगांच्या कामासाठी फिल्म थेट जर्मनीला नेली. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्यासारखा जाणता माणूस, प्रभातसारखी संस्था, तरीही पडद्यावर रंग मनासारखे उतरले नाहीत. तेव्हा एका पिवळ्या फोटोवरून एकट्या लेन्सला फाशी देऊ नये.

पाचवा संशयित काळ. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या अल्बमातली रंगीत चित्रे आज तांबूस किंवा पिवळी दिसतात. चित्र काढले त्या दिवशी ती तशी नव्हती. कागदावरचे रंग कालांतराने उडतात, आणि सगळे रंग सारख्या वेगाने उडत नाहीत. इथे एक सोपी परीक्षा आहे. चित्राला पांढरी कडा असेल तर ती पाहा. त्या कडेने लेन्स कधी पाहिलेलीच नाही! कडाही पिवळी असेल तर कागद जुना झाला आहे. कडा पांढरी आणि आतले चित्र तेवढे रंगलेले असेल तर निगेटिव्ह शोधून पुन्हा प्रिंट काढून पाहा.

आता राहिला दुसरा संशयित, लेन्स. तिची परीक्षा घरी, बिनखर्चाची होते. लेन्स निघत असेल तर कॅमेऱ्यातून काढा. तिचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, पूर्ण उघडे करा. दिवसा ओसरीवर सावलीत बसून कोऱ्या पांढऱ्या कागदावर लेन्स थोडी उचलून धरा आणि तिच्यातून कागद पाहा. लेन्समधून दिसणारा कागद आणि बाहेरचा कागद एकाच रंगाचे असले तर लेन्स निर्दोष. आतला कागद चहा सांडल्यासारखा दिसला तर चोर सापडला. लेन्स निघणारी नसेल तर रोल नसताना कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडा, शटर ‘बी’ खुणेवर ठेवा, बटण दाबून धरा आणि मागून पांढऱ्या कागदाकडे पाहा. लेन्समधून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका.

तुम्ही विचाराल, “काच ती काच. ती पिवळी का पडावी?” कारणे दोन-तीन आहेत. लेन्स म्हणजे एक भिंग नसून भिंगांचा संच असतो. त्यांतली काही भिंगे एकमेकांना झाडाच्या डिंकासारख्या पारदर्शक पदार्थाने चिकटवलेली असतात. तो डिंक जुना झाला की पिवळसर होतो. पण चहासारखा गडद पिवळेपणा दिसला तर बहुधा कारण निराळे असते. त्याचे नाव थोरियम.

थोरियम हे नाव परके वाटले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. वीज वाडीवस्तीवर पोचण्यापूर्वी लग्नाच्या वरातीत, भजनात, तमाशात गॅसबत्ती असे. तिच्यात जाळीदार मँटल लावायचा. तो पहिल्यांदा जळून पांढऱ्या राखेसारखा होई आणि मग लख्ख उजेड देई. ऑस्ट्रियातल्या कार्ल आउअर या शास्त्रज्ञाने १८९१ च्या सुमारास असा मँटल सिद्ध केला, त्यात जवळजवळ ९९ टक्के थोरियमची भस्मे आणि एक टक्का सीरियमची होती. हे थोरियम मिळते मोनाझाइट नावाच्या वाळूत, आणि ती वाळू केरळच्या किनाऱ्यावर विपुल आहे. १९५२ साली केरळात आळुव्याला ती वाळू शुद्ध करण्याचा कारखाना निघाला, आणि १९५५ साली मुंबईला तुर्भ्यास, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यासमोर खाडीपलीकडे, मँटलसाठी लागणारे थोरियमचे क्षार बनू लागले.

तेच थोरियम काचेत कशाला? उत्तम लेन्सची काच प्रकाशाला पुष्कळ वाकवणारी हवी, पण वाकवताना त्याचे इंद्रधनुष्य करणारी नको. साध्या काचेत हे दोन गुण एकत्र नांदत नाहीत. काचेच्या रसात थोरियमचे भस्म मिसळले की ते साधते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विमानांतून जमिनीची चित्रे घेण्यासाठी कोडॅक कंपनीने एरो-एक्टार नावाची सात इंची लेन्स केली, तिच्यात ही काच होती. पुढे १९६० नंतर जपानच्या पेंटॅक्स कॅमेऱ्यांवरची ५० मिलिमीटरची सुपर-टाकुमार ही गाजलेली लेन्स आली. तिच्या सात भिंगांच्या नमुन्यातही थोरियम आहे. इतरही कंपन्यांनी अशी काच वापरली आणि पुढे हळूहळू ती सोडून दिली.

थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचे अणू आपोआप फुटत राहतात, पण इतके सावकाश की निम्मे थोरियम संपायला सुमारे १४०० कोटी वर्षे लागावीत. फुटताना निघणारे किरण काचेतले इलेक्ट्रॉन जागचे हलवतात. हे हललेले इलेक्ट्रॉन काचेतल्या बारीक उणिवांत, बिळात उंदीर शिरावा तसे अडकून बसतात. अशी अडकलेली जागा निळा-जांभळा प्रकाश गिळते. दहा, वीस, तीस वर्षांत अशा असंख्य जागा होतात आणि काच पिवळी-तपकिरी दिसू लागते. सगळी भिंगे पिवळी होत नाहीत. ज्यांत थोरियम आहे ती, आणि त्यांना चिकटलेली होतात.

मग जुनी लेन्स पिवळी पडूनही त्या काळी कुणाची तक्रार कशी आली नाही? एक तर ती नवी असताना स्वच्छ होती. दुसरे, त्या काळी पुष्कळ जण काळी-पांढरी फिल्म वापरीत. काळ्या-पांढऱ्या चित्राला पिवळी काच उलट फायद्याची! निळे आकाश गडद येते आणि पांढरे ढग उठून दिसतात. फोटोग्राफर त्यासाठी मुद्दाम पिवळा फिल्टर विकत घेत असत. तेव्हा तुम्हाला काळी-पांढरी चित्रेच काढायची असतील तर लेन्सला काहीही करू नका. प्रकाश थोडा अधिक द्या, म्हणजे झाले.

“किरणोत्सारी लेन्स घरात ठेवावी का?” हा प्रश्न साहजिक आहे. थोरियमच्या किरणांतले काही साध्या कागदानेही अडतात, काही काचेत आणि धातूत अडतात, थोडे बाहेर येतात. पण हात-दोन हात अंतरावर त्यांचे बळ फारच कमी होते. कपाटात ठेवलेल्या किंवा अधूनमधून वापरल्या जाणाऱ्या लेन्सची धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र चार पथ्ये पाळा. ती उशाशी किंवा खिशात बाळगू नका. तिची भिंगे काढून डोळ्याला लावायचे भिंग, दुर्बीण असले खेळ करू नका. तिची काच घासू नका. आणि फुटली तर भुगा उघड्या हाताने गोळा करू नका. ओल्या फडक्याने टिपून घ्या. धोका तिची धूळ पोटात किंवा फुप्फुसात जाण्यात आहे.

आता उपाय. पहिला उन्हाचा. अतिनील किरण काचेवर पडले की अडकलेले इलेक्ट्रॉन बिळातून सुटतात आणि काच पुन्हा निवळते. सूर्यप्रकाशात हे किरण असतात. आपल्याकडे पावसाळ्यात हे काम होणार नाही. भातकापणी उरकली, आकाश स्वच्छ झाले की करावे. लेन्सची दोन्ही टोपणे काढा. अ‍ॅपर्चर उघडे ठेवा. दगडी ओट्यावर, पोळ्या गुंडाळायचा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा कागद पसरून त्यावर लेन्स उभी ठेवा, म्हणजे खाली गेलेले किरण परत वर येतील. थोरियमचे भिंग पुष्कळदा मागच्या बाजूला असते, म्हणून मागची बाजू वर करा. खात्री नसेल तर रोज बाजू पालटा.

आणि इथे एक कडक सूचना. लेन्स म्हणजे आग पाडायचे भिंग! पेंढ्याजवळ, लाकडी खिडकीत, कपड्यांवर, मांडवात ती उन्हात ठेवू नका. समोर माणूस बसलेला असेल तेव्हाच ठेवा. सकाळचे दोन-तीन तास पुरे. हाताला चटका बसण्याइतकी तापली तर सावलीत घ्या, कारण आतले वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर पसरते आणि भिंगे जोडणारा डिंकही सैल होऊ शकतो. तीन-चार दिवसांनी पांढऱ्या कागदाची परीक्षा पुन्हा घ्या. काही लेन्स आठवड्यात निवळतात, काहींना महिना लागतो. अतिनील प्रकाशाचे लहान दिवे बाजारात मिळतात, त्यांनीही हे काम होते आणि लेन्स तापत नाही. फक्त त्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये आणि लेन्स खोक्यात झाकून ठेवावी.

काच निवळली तरी थोरियम आतच आहे. काही वर्षांनी पिवळेपणा पुन्हा येणार. धोतराला जसे अधूनमधून ऊन द्यावे लागते, तसेच हेही. उलट, महिनाभर ऊन देऊनही फरक पडला नाही तर पिवळेपणा डिंकाचा आहे असे समजा आणि ऊन थांबवा. आपल्या दमट हवेत लेन्सवर बुरशीची जाळीही येते. बुरशीने कोरलेली काच उन्हाने बरी होत नाही. खाण्याचा सोडा, राख, टूथपेस्ट लावून लेन्स घासण्याचे सल्ले कुणी देईल. ते ऐकू नका. भिंगावरचा अतिशय पातळ लेप त्याने कायमचा जातो.

दुसरा उपाय निळीचा. ऊन लागू पडत नसेल किंवा वेळ नसेल तर लेन्सपुढे फिकट निळा फिल्टर लावा. बाजारात तो ८२-ए, ८२-बी, ८२-सी अशा आकड्यांनी मिळतो. ए सर्वांत फिकट, सी त्याहून गडद. कोणता घ्यायचा ते पुन्हा पांढऱ्या कागदावरच ठरवा. लेन्स आणि फिल्टर दोन्हींतून पाहिल्यावर कागद पांढरा-करडा दिसला की तो तुमचा फिल्टर. निळीने कपडा मंद होतो, तसा इथे प्रकाश कमी होतो. ८२-ए ने अ‍ॅपर्चरच्या एका घराचा सुमारे तिसरा हिस्सा जातो, ८२-सी ने सुमारे दोन तृतीयांश. प्रकाशमापक कॅमेऱ्याच्या आत, लेन्समधून पाहणारा असेल तर तो हे आपोआप धरतो. हातात धरायचा मापक असेल तर फिल्टरचा आणि पिवळ्या काचेचा, दोन्हींचा तोटा तुम्ही स्वतः भरून काढायचा.

तिसरा उपाय छपाईत. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना रंगांचे प्रमाण बदलता येते. गंमत अशी की अंधाऱ्या खोलीत एन्लार्जरवर काम करणारा कारागीर पिवळी आलेली प्रिंट सुधारायला पिवळाच फिल्टर वाढवतो! कारण कागदावर निळा प्रकाश पडतो तिथे पिवळा रंग तयार होतो. पिवळ्या फिल्टरने निळा अडवला की कागदावरचा पिवळा कमी होतो. संगणकावर हेच काम तीन रंगांच्या वेगवेगळ्या रेषा वरखाली करून होते. चौकजवळ कला-दिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली उभारलेल्या स्टुडिओतून जे चित्रपट गेले, त्यांच्यासारख्या प्रत्येक रंगीत चित्रपटाचे रंगही पडद्यावर येण्यापूर्वी असे दृश्यागणिक जुळवावे लागतात.

पण छपाईच्या उपायाला मर्यादा आहे. निळ्याचा थर फारच उपाशी राहिला असेल तर नंतर त्याला ओढून वर आणताना चित्रात रवा सांडल्यासारखे कण दिसतात. कधी उजळ भाग सुधारतो तो सावल्या निळ्या होतात. सावल्या सुधारल्या तर उजेड पिवळा होतो. जे फिल्मवर नोंदलेच गेले नाही ते पुढे कुणालाही आणता येत नाही. आणि पारदर्शक स्लाइडची फिल्म वापरली तर मुळातच छपाईची पायरी नसते. जे उतरले तेच पडद्यावर दिसते. म्हणून शक्य तोवर लेन्सच सुधारावी, नाहीतर फिल्टर लावावा, आणि छपाईला शेवटचा हात म्हणून राखून ठेवावे.

यापैकी कोणताही उपाय करा, एक सवय मात्र लावून घ्या. प्रत्येक रोलचे पहिले चित्र करड्या पुठ्ठ्याचे काढा. फोटोच्या दुकानात असा ठरावीक करडा पुठ्ठा मिळतो. तो उघड्या उजेडात धरून चित्रचौकट भरून फोटो घ्या. करड्यात कोणताच रंग नसतो; म्हणून चित्रात तो पिवळा आला तर जेवढा पिवळा तेवढाच परका रंग. छपाई करणाऱ्याला सांगा, “हा पुठ्ठा करडा येईल असे रंग जुळवा आणि पुढची चित्रे त्याच हिशेबाने छापा.” म्हणजे यंत्र हिरव्या शेतालाही फसणार नाही. पांढरा धुतलेला कपडा पुठ्ठ्याऐवजी चालणार नाही, कारण त्याला नीळ घातलेली असते! पिकाचे चित्र काढाल तेव्हा पानाशेजारी रंगाचा तक्ताही त्याच चौकटीत येऊ द्या.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवतो. पिवळा आणि निळा जिलेटिन कागद आणा. मुलांना एक हिरवे पान, एक पिवळट पान, एक पांढरा आणि एक मोतिया कागद द्या. आधी उघड्या डोळ्यांनी पाहू द्या, मग पिवळ्यातून. कोणत्या दोन वस्तूंतला फरक नाहीसा झाला, ते वहीत लिहायला सांगा. मग पिवळ्यावर फिकट निळा ठेवून पाहू द्या: पांढरा कागद पांढऱ्याच्या जवळ येतो, पण सगळेच अंधारते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा शास्त्राचा पहिला नियम मुलांना यातून आपोआप कळतो.

एवढा खटाटोप एका जुन्या कॅमेऱ्यासाठी कशाला, असे कुणी म्हणेल. आपला मुलूख झपाट्याने बदलतो आहे. द्रुतगती मार्ग झाला, शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली; तिथली घरे, अंगणे, झाडे कशी होती ते आता आठवणींत आणि पूर्वी कुणी काढलेल्या चित्रांत शोधावे लागते. आज तुमच्या गावात काढलेले चित्र उद्या कुणाला तरी साक्ष म्हणून लागेल. भिंतीचा रंग, लुगड्याचा काठ, भाताचे पान, देवळाचा कळस, जे जसे होते तसे त्याला दिसले पाहिजे.

म्हणून रोल भरताना एका वहीत तारीख, जागा, उजेड, लेन्स आणि फिल्टर लिहून ठेवा, आणि ती वही निगेटिव्हबरोबरच जपा. पन्नास वर्षांनी ते चित्र ज्याच्या हाती येईल, त्याला पिवळेपणा उजेडाचा, लेन्सचा की काळाचा, हे त्या चार ओळींवरून ठरवता येईल.